टिकलीचं बटण

माणसं मी विसरते. चेहरे विसरते, नावं विसरते, लग्नात भेटलेल्या नातेवाइकांना तर हमखास विसरते. अपमान मात्र जसाच्या तसा आठवतो. कोण कुठं उभं होतं, कुणाच्या अंगात कुठला शर्ट होता, सगळं. आई म्हणायची, "एवढं मनात धरून बसू नको गं, तब्येतीला तकलीफ होईल." तकलीफ काही झाली नाही. उलट ज्या माणसावर मी डूख धरला, त्याची आठवण आली की मला अजूनही तरतरी येते.

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच परभणीपासून वेगळा झाला होता. मी नांदेडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावला घरी परतले होते आणि हिंगोलीत, खताच्या दुकानाच्या वर असलेल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते. सकाळी जीप भरली की निघायची, आणि जीप भरली म्हणजे काय ते त्या रस्त्यानं गेलेल्यांना सांगायला नको. क्लासचे मालक म्हणजे सर. पूर्वी त्यांचा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर विकून त्यांनी कॉम्प्युटर आणले, पण डोक्यातलं टायपिंग काही गेलं नाही. कॉम्प्युटर म्हणजे वर टीव्ही बसवलेला टाइपरायटर, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि मी म्हणजे भराभर बोटं चालवणारी पोरगी.

सरांची एक पद्धत होती. मशीन नवं आलं, दुरुस्त होऊन आलं, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलं, काहीही झालं की त्याची पूजा. दसऱ्याला तर सगळ्यांचीच. ओल्या बोटानं हळदकुंकू मॉनिटरला, कीबोर्डला, माऊसला. मग नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी सगळीकडे शिंपडायचं. तेव्हाच्या माऊसच्या पोटात एक रबरी गोळी असायची. ती टेबलावर फिरली की आतली दोन बारीक चाकं फिरायची, एक आडव्या चालीचं, एक उभ्या, आणि तसा पडद्यावरचा बाण हलायचा. कुंकवाचा आणि नारळाच्या पाण्याचा लगदा गोळीला लागला की चाकांवर जाऊन बसायचा. मग बाण नुसता वर-खाली जायचा, नाहीतर नुसता आडवा. दसऱ्यानंतरचा अख्खा दिवस माझा माऊसची पोटं उघडून काडेपेटीतल्या काडीनं चाकं खरवडण्यात जायचा.

एकदा मी म्हणाले, "सर, मॉनिटरला लावा, सीपीयूच्या डब्याला लावा, माऊसला तेवढं नका लावू. आतली चाकं बसतात."

सर हसले. म्हणाले, "म्याडम, तुमच्यात करत न्हाईत. आमच्यात करावं लागतंय."

आम्ही बौद्ध. घरी भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याखाली मेणबत्ती, एवढंच. सर हे बोलले तेव्हा खोलीत मुलं-मुली भरलेल्या होत्या. काहींनी माझ्याकडे पाहिलं, काहींनी मुद्दाम पाहिलं नाही. सरांच्या आवाजात राग नव्हता, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं ते बोलले होते. मी पुढचा माऊस उघडला आणि खरवडत बसले. त्या दिवशी त्यांच्या अंगात फिकट पिस्ता रंगाचा सफारी होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी लहान मुलांची बॅच सुरू केली. मुलांना काय शिकवायचं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून बॅच माझ्याकडे आली. मला एका मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीत एक प्रोग्राम सापडला होता. त्यात अक्षर एकही नव्हतं, नुसत्या चित्रांच्या चौकटी. एक चौकट म्हणजे पुढं जा, एक म्हणजे वळ, एक म्हणजे पुन्हा तेच कर. माऊसनं चौकटी उचलून एकाखाली एक जोडायच्या, की पडद्यावरचं चित्र तसं चालायला लागायचं. मुलं प्रोग्रामिंग करत होती आणि त्यांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. बनवणाऱ्यांनी आतला सगळा कोडही सीडीत दिला होता, ज्याला बदल करायचे त्यानं खुशाल करावेत असं म्हणून.

मुलांनी म्हैस काढली. कुणालाच दुसरं काही सुचलं नाही. म्हैस चालायला लागली, वळायला लागली. सेनगावकडच्या एका तांड्यावरची मुलगी मामाकडे राहून क्लासला यायची. ती म्हणाली, "म्याडम, ही बोलत काहून न्हाई?"

"म्हशी बोलतात का गं?"

"आमची बोलते."

तिच्या म्हशीसाठी मी त्या प्रोग्राममध्ये अक्षरं आणली. दुपारी सर जेवून झोपायला घरी जायचे आणि क्लास रिकामा असायचा, ती वेळ माझी. दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचत, कुठं खिडकी फोडली तर भिंत पडणार नाही ते शोधत बसायचे. आधी म्हशीच्या तोंडून नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं बाहेर पडली. मग अक्षरं आली, पण मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. शेवटी एका दुपारी म्हशीच्या डोक्यावर सरळ, स्वच्छ उमटलं, "मला तहान लागली हाय." मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मुलांना बोलणं मिळालं तसं त्यांना गोष्ट पाहिजे झाली. तांड्यावरच्या मुलीची म्हैस गोरेगावच्या बाजारातून सुटून औंढ्याला निघाली. पडदा भरला. औंढ्याचं देऊळ काढायला तिनं गोरेगाव पुसलं, आणि पुसल्यावर रडायला लागली. "म्याडम, माझं गोरेगाव गेलं." बाजारातली केळीवाली, जीप, हौद, सगळं तिनं मन लावून काढलं होतं.

म्हणून मग पानं. हे काम अक्षरांपेक्षा अवघड निघालं. एका पडद्याच्या जागी अनेक पडदे करणं सोपं होतं, पण दुसऱ्या पानावर आलेल्या म्हशीला पहिल्या पानावरचं काही आठवेना. गोरेगावात तहानलेली म्हैस औंढ्यात येऊन नुसतीच उभी राहायची. तेव्हा मी पिशवीची चौकट बनवली. या पानावरचं जे पुढं न्यायचं ते पिशवीत टाकायचं, तहान टाका, भूक टाका, मालकाचं नाव टाका, पुढच्या पानावर पिशवी उघडायची. त्या पिशवीचा मला आजही अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

पान उलटायला उजव्या हाताला खालचा कोपरा दुमडलेला दाखवला होता, त्यावर माऊस दाबायचा. पण सरांच्या कृपेनं आमच्या माऊसचा भरवसा नव्हता, म्हणून एक बटणही ठेवलं. कीबोर्डवर पानासाठी म्हणून जी बटणं असतात, ती आमच्या जुन्या कीबोर्डांवरून केव्हाच उखडली होती. मी वरच्या ओळीतलं एक बटण घेतलं. मुलांना त्याच्यावरचं इंग्रजी वाचता येईना, तर पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढून प्रत्येक कीबोर्डच्या त्या बटणावर एकेक लाल टिकली चिकटवली. तेव्हापासून ते टिकलीचं बटण. मुलं एकमेकांवर ओरडायची, "टिकली दाब ना, टिकली!"

गोष्टीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं, "हे आम्ही बनवलं," आणि खाली मुलांची नावं, सगळ्यात शेवटी माझं. माझं नाव कॉम्प्युटरच्या पडद्यावर, मी आणलेल्या अक्षरांत, असं पहिल्यांदाच उमटलं होतं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मला दाखव एकदा." मी म्हणाले, जिल्ह्याचं शाळांचं विज्ञान प्रदर्शन आहे, सर तिथं मांडणार आहेत, तेव्हा ये.

मधे चुलत बहिणीच्या लग्नाला म्हणून मी रजा घेतली. परत येऊन पाहते तर पहिल्या पानावर "निर्मिती" आणि खाली सरांचं नाव, पडदाभर. माझं नाव नाही. मुलांची नावं नाहीत. अक्षरांवर माऊस दाबला की पुसता येतं आणि नवं लिहिता येतं, हे मी इतकं सोपं करून ठेवलं होतं की ते सरांनाही जमलं. मी बनवलेल्या अक्षरांनीच मला पुसलं. तांड्यावरची मुलगी शेजारी उभी होती. "म्याडम, माझं नाव कुठं गेलं?"

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "अवो, मोठे साहेब येऊन राहिले प्रदर्शनाला. लेकरायची नावं दाखवायची का तिथं? टायपिंग तुमी केलंय, ते मी सांगीन की बराबर."

टायपिंग!

मी "बरं सर" म्हणाले. मी चिडते तेव्हा ओरडत नाही, आणि ओरडत नाही म्हणून लोकांना वाटतं की मिटलं. त्यानंतरचे काही दिवस मी सरांवर बारीक लक्ष ठेवून होते. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिलं पान दाखवायचे, लोक नाव वाचायचे, वा वा करायचे, सर बंद करायचे. त्यांचं नाव पहिल्या पानावर होतं, त्यामुळे पुढं जायचं त्यांना कधी कारणच पडलं नाही.

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. सरांनी एक कोरं करकरीत मशीन मागवलं होतं, कीबोर्डही नवा. त्यावर टिकली नव्हती. टिकल्यांचं पाकीट माझ्या पर्समध्ये होतं आणि पर्स माझ्या खांद्याला. मी ती उघडली नाही.

साहेब येण्याआधी सरांनी पहिलं पान उघडलं. नावावर माऊस दाबून त्यांनी नावाच्या आधी "प्रा." वाढवलं, मग कर्सर नावाच्या शेवटी नेऊन लांबून पाहिलं आणि खूश झाले. कर्सर तिथंच लुकलुकत राहिला. दुसरीकडे कुठंतरी माऊस दाबल्याशिवाय लिहिणं बंद होत नाही, हे मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही.

मग साहेब आले आणि पूजा. नवं मशीन, साहेबांच्या हातची पूजा, म्हणून सर उदार झाले होते. मॉनिटरला हार. कीबोर्डला हळदकुंकू. माऊसला तर सरांनी स्वतः दोन्ही बाजूंनी लावलं, वर अक्षता. नारळ फुटला आणि पाणी पॅडवर सांडलं. सरांनी माऊस त्याच पाण्यातून ओढून नीट जागेवर ठेवला. मी आता बोलणार का, असं एक क्षण माझं मलाच वाटून गेलं. तेवढ्यात सर वळून म्हणाले, "म्याडम, तुमी मागं बसा, लेकरायजवळ. गडबड करू देऊ नका."

मी मागं जाऊन आईजवळ बसले.

पहिलं पान पाहून टाळ्या झाल्या. साहेब म्हणाले, "छान. आता पुढं दाखवा." सरांनी माऊस ढकलला. बाण वर गेला. परत ढकलला, खाली आला. कोपरा उजवीकडे होता आणि बाण पडद्याच्या डाव्या कडेला वर-खाली, वर-खाली. सरांनी माऊस उचलून आपटला. मग कीबोर्डवर पान असं लिहिलेलं बटण शोधून दाबलं. माझ्या प्रोग्राममध्ये त्या बटणाला काहीच काम नव्हतं. मग ते दिसेल ते दाबायला लागले, आणि दाबलेलं प्रत्येक अक्षर त्यांच्या नावाला चिकटायला लागलं. नाव लांबत गेलं, दुसऱ्या ओळीवर गेलं. हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं.

सरांना घाम फुटला होता. वाढलेलं पुसायला त्यांनी पुसायचं बटण दाबलं आणि घाबरून दाबूनच धरलं. फालतू अक्षरं गेली. मग आडनाव गेलं. मग वडिलांचं नाव. मग त्यांचं. "प्रा." गेलं, "निर्मिती" गेलं, आणि पान पांढरं झालं. त्यांचं बोट अजून बटणावरच होतं.

माझ्या शेजारून मुलं ओरडली, "सर, टिकलीचं बटण दाबा! टिकलीचं!"

साहेबांनी विचारलं, "कोणती टिकली?"

सर कीबोर्डवर टिकली शोधायला लागले. खरंच शोधायला लागले, वाकून. सगळा हॉल हसला. साहेबसुद्धा.

"म्याडम, जरा या बरं इकडं," सर म्हणाले. आवाज पार बारीक झाला होता.

मी उठले नाही. बसल्या जागेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, निर्मिती तुमची हाय. मला काय कळतंय त्यातलं? म्या तर टायपिंग केलंय."

ते वाक्य मी किती दिवस तोंडात घोळवलं होतं ते मलाच माहीत. ते बोलल्यावर जे वाटलं ते चांगलंच वाटलं, आणि आजही वाटतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि शेजारच्या शेणगॅसच्या मॉडेलकडे वळले. सर त्यांच्यामागं पळाले.

ते हॉलबाहेर गेल्यावर मी मशीनपाशी गेले. माऊसचं पोट उघडलं, गोळी पदराला पुसली, आईच्या केसातल्या पिनेनं चाकं खरवडली. पर्स मागंच खुर्चीवर राहिली होती, म्हणून कपाळावरची टिकली काढून बटणावर चिकटवली. पांढऱ्या पानावर मुलांनी आपापली नावं स्वतः लिहिली, मग मला म्हणाली, "म्याडम, तुमचं." मी लिहिलं. आईला वाचता येत नव्हतं. ती पडद्याजवळ आली, माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "हेच ना?"

मग तांड्यावरच्या मुलीनं टिकली दाबली. शेणगॅसवाले गुरुजी, शाळेचा शिपाई आणि मुलांचे आईवडील एवढ्यांनी ती म्हैस पाहिली. गोरेगावच्या बाजारातून सुटली, औंढ्याला देवळाजवळ पाणी पिऊन पिशवीतली तहान टाकून दिली, आणि शेवटच्या पानावर वारंगा फाट्याला आली. तिथं ती रस्त्याच्या मधोमध बसली. चारी बाजूंनी ट्रकांच्या रांगा लागल्या, सगळ्यांनी हॉर्न वाजवले, आणि म्हैस म्हणाली, "म्या उठत न्हाई." तिथं गोष्ट संपत होती. ती घरी का जात नाही, असं मी मुलीला आधी विचारलं होतं. ती म्हणाली होती, "तिला कुणी हाणलं व्हतं म्हणून तं सुटली ना म्याडम."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला काढून टाकलं. ते अपेक्षितच होतं. क्लासमधली सगळी मशीनं त्यांनी पुसून कोरी केली, ते नव्हतं अपेक्षित. माझ्या घरी फ्लॉपी होत्या, पण कधीतरी उघडायला गेले तर एकही उघडली नाही. अक्षरं, पानं, पिशवी, काही राहिलं नाही. आता ते माझं होतं हे मी कुणाला दाखवू शकत नाही. त्याबद्दल मी सरांना माफ केलेलं नाही आणि करणार नाही.

पुढं मला नांदेडला कॉलेजात नोकरी लागली. सुट्टीला गोरेगावला येताना-जाताना वारंगा फाट्याला बस थांबायची. काही वर्षांनी अशीच तिथं चहा घेत होते, तर पलीकडच्या टेबलावर सर. केस पिकले होते. बरोबर दोन तरुण शिक्षक, कारण सरांची आता स्वतःची इंग्रजी शाळा होती. मी पाठमोरी होते. सर सांगत होते, "जिल्हा नवा झाला तवा पोरायसाठी मराठीतला पहिला प्रोग्राम म्या बनवला. म्हैस व्हती त्यात. बोलायची, पानामागून पान फिरायची."

मी कप खाली ठेवला आणि त्यांच्या टेबलापाशी गेले. सरांनी मला ओळखलं. त्यांचा हात कपाकडे जाता जाता थांबला.

"नमस्कार सर. म्हशीचं ऐकलं म्हणून आले. शेवटी कुठं गेली हो ती म्हैस?"

दोन्ही शिक्षक कौतुकानं सरांकडे बघायला लागले. सरांनी इकडंतिकडं पाहिलं. "शेवटी? घरीच गेली की. घरीच जाणार ना म्हैस."

"न्हाई सर," मी म्हणाले, आणि फाट्याच्या मधोमध, ट्रक वळत होते तिथं, बोट दाखवलं. "तिथं बसली व्हती. तुमच्या डोळ्यांसमोर हाय ती जागा."